एमिरेट्स आयडी: अर्ज, कागदपत्रं, दंड आणि पैसे नेमके कोणी भरायचे

संयुक्त अरब अमिरातीत निवासी व्हिसावर राहणाऱ्या प्रत्येकाला एमिरेट्स आयडी हे सरकारी ओळखपत्र काढावंच लागतं. यातून तान्हं बाळही सुटत नाही. कार्डासाठीची संस्था म्हणजे आयसीपी. ती संघराज्याची आहे, पण दुबईत निवासी व्हिसाचं काम जीडीआरएफए हे वेगळं खातं बघतं. बाकी सहा अमिरातींत व्हिसा आणि कार्ड, दोन्ही आयसीपीकडेच. दुबईकरांची निम्मी चिडचिड इथूनच सुरू होते. व्हिसा मंजूर झाल्याचा मेसेज येतो, पण कार्डाचा पत्ता नसतो. जीडीआरएफएच्या काउंटरवर त्याची चौकशी करून उपयोग नसतो, कारण तो अर्ज त्यांच्याकडे नसतोच.

एप्रिल-मे २०२२ पासून पासपोर्टवर निवासी व्हिसाचं स्टिकर लावणं बंद झालं. आता कार्ड हाच निवासाचा पुरावा आहे. बँक, सिम, घरभाडं, दवाखाना, सगळीकडे तेच मागतात. म्हणून सुट्टीवर भारतात येताना कार्ड हँडबॅगेत ठेवा आणि आयसीपीच्या अॅपमधल्या डिजिटल निवासी परवान्याची प्रत फोनमध्ये उतरवून घ्या.

अर्ज कसा चालतो

कार्डासाठी सुटा अर्ज करायची वेळ फारशी येत नाही. तो निवासी व्हिसाच्या अर्जासोबतच होतो आणि कार्डाची मुदतही व्हिसाच्या मुदतीएवढीच असते: साध्या नोकरीच्या व्हिसावर सहसा दोन वर्षं, आणि लांब मुदतीच्या व्हिसांपैकी ग्रीन व्हिसावर पाच, गोल्डन व्हिसावर पाच किंवा दहा. एंट्री परमिटवर, म्हणजे सुरुवातीच्या प्रवेश परवान्यावर, देशात उतरल्यापासून ६० दिवसांत मेडिकल, कार्डाचा अर्ज आणि निवासी व्हिसा हे तिन्ही उरकायचं असतं. मेडिकल १८ वर्षांपुढच्यांना लागते, बोटांचे ठसे १५ वर्षांपुढच्यांना. पूर्वी ठसे दिलेले असतील तर बहुतेक वेळा पुन्हा बोलावत नाहीत. बोलावलं तर अपॉइंटमेंटचा मेसेज येतो.

कागदपत्रं थोडीच आहेत: किमान सहा महिने मुदत उरलेला मूळ पासपोर्ट, एंट्री परमिट (नूतनीकरण असेल तर चालू व्हिसा), पांढऱ्या पार्श्वभूमीचा रंगीत फोटो आणि मेडिकलचा निकाल. जानेवारी २०२५ पासून आरोग्य विम्याची अट उत्तरेकडच्या अमिरातींतल्या खासगी नोकरदारांनाही लागू झाली आहे. अबू धाबी आणि दुबईत ती आधीपासूनच होती. पंधरा वर्षांखालच्या मुलासाठी जन्मदाखला आणि पालकाचं कार्ड लागतं.

खरी दमछाक कुटुंबाला बोलावताना होते. स्पॉन्सरचा, म्हणजे कुटुंबाला आपल्या जबाबदारीवर बोलावणाऱ्याचा, पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि राहायची जागा. विवाह नोंदणी दाखला चार ठिकाणांहून प्रमाणित होऊन यावा लागतो: राज्य शासन, भारताचं परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीची भारतातली वकिलात आणि शेवटी अमिरातीचं परराष्ट्र मंत्रालय. हा क्रम बदलता येत नाही. पहिले तीन टप्पे भारतातूनच पूर्ण करून निघावं. तिकडे पोहोचल्यावर कळलं तर कागद कुरियरने परत पाठवावे लागतात आणि तोवर ६० दिवसांतले बरेच दिवस संपलेले असतात.

शुल्काचं कोडं

मूळ दर सोपा आहे: निवासाच्या प्रत्येक वर्षामागे १०० दिरहम. त्यावर सेवाशुल्क ४० आणि अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरचे ३०. म्हणजे दोन वर्षांच्या कार्डाला २७०. मात्र २०२३ च्या सुरुवातीला आयसीपीने सेवांचे दर १०० दिरहमांनी वाढवले आणि हाच आकडा ३७० झाला. जुने दर अजूनही अनेक ठिकाणी जसेच्या तसे छापलेले सापडतात, म्हणून काउंटरवर वाद होतात. पैसे भरायच्या पडद्यावर दिसणारी एकूण रक्कमच खरी धरा आणि पावती मागून घ्या. टायपिंग सेंटर सांगेल ती सगळी रक्कम सरकारी नसते. पावतीवर सरकारी शुल्क आणि सेंटरचा मोबदला वेगळे दाखवलेले असतात. स्वतः ऑनलाइन अर्ज केलात तर सेंटरचे ३० वाचतात, पण अरबी नावाचं स्पेलिंग तपासणारं कोणी नसतं.

पैसे कोणी भरायचे, यात मात्र संदिग्धता नाही. २०२१ च्या संघराज्य कायदा क्रमांक ३३ मधलं कलम ६ कामगाराकडून भरती आणि नेमणुकीचा खर्च घ्यायला मनाई करतं, थेटही आणि आडवळणानेही. नोकरीच्या व्हिसासोबतचं कार्ड त्यातच येतं. पहिल्या पगारातून ‘व्हिसाचा खर्च’ म्हणून कापलेली रक्कम किंवा राजीनाम्यानंतर मागितलेली भरपाई, दोन्हींविरुद्ध अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते. दुबईतलं डीआयएफसी आणि अबू धाबीतलं एडीजीएम या वित्तीय मुक्त क्षेत्रांना त्यांचे स्वतंत्र कामगार कायदे आहेत, तिथे ते बघावे लागतात. बायकोमुलांच्या कार्डाचा खर्च स्पॉन्सर म्हणून तुमचाच. कंपनी देत असेल तर ती तिची मर्जी किंवा करारातली अट.

दंडाची दोन घड्याळं

कार्डाची मुदत संपल्यावर ३० दिवस मोकळे मिळतात. त्यानंतर रोज २० दिरहम, जास्तीत जास्त १,०००. मुदत संपून ४५ दिवस झाले असतील तर दंड १५ दिवसांचा, म्हणजे ३०० दिरहम. व्हिसाविना राहण्याचा दंड याहून वेगळा आहे: रोज ५० दिरहम. व्हिसा संपल्यावर काही गटांना सहा महिन्यांपर्यंत सवलतीचे दिवस मिळतात आणि लोक त्याच भरवशावर नूतनीकरण लांबवतात. कार्डाचे मोकळे दिवस मात्र ३०च राहतात. व्हिसाचा दंड शून्य आणि कार्डाचा हजार, असा प्रकार यातूनच होतो.

काही जणांना माफी मिळते. तीन महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर असताना ज्यांच्या कार्डाची मुदत संपली ते, न्यायालयीन प्रकरणात ज्यांचा पासपोर्ट अडकला होता ते, आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण. आपोआप काही होत नाही. पुराव्यासह अर्ज करावा लागतो, तोही दंड भरण्याआधी करणं शहाणपणाचं.

अडतं कुठे

सगळ्यात जास्त वेळा मोबाइल नंबरापाशी. कंपनीचा पीआरओ, म्हणजे तिची सरकारी कामं बघणारा माणूस, सवयीने स्वतःचा नंबर टाकतो, मग ठशांच्या अपॉइंटमेंटचा आणि एमिरेट्स पोस्टच्या डिलिव्हरीचा मेसेज त्यालाच जातो. फॉर्म सबमिट होण्याआधी नंबर आणि पत्ता स्वतः वाचा. फॉर्मवरचा अर्ज क्रमांक टिपून ठेवलात तर आयसीपीच्या संकेतस्थळावर स्थिती बघता येते, पीआरओच्या मागे फिरावं लागत नाही.

नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधीच दुरुस्ती करून घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून एकशब्दी नावाच्या प्रवाशांना नव्या व्हिसावर प्रवेश देताना अडवलं जातं. अरबीतलं नावही बघा. ‘च’ आणि ‘ळ’ला अरबीत नेमकं अक्षर नाही, त्यामुळे चव्हाण किंवा काळे अशा आडनावांचं लेखन प्रत्येक टायपिस्टगणिक बदलतं. जुन्या कार्डावर जे होतं तेच नव्यावर राहू द्या.

कार्डाचा १५ अंकी क्रमांक ७८४ ने सुरू होतो आणि त्यापुढचे चार अंक जन्मवर्षाचे असतात. नोकरी बदलली किंवा काही वर्षांनी परत आलात तरी क्रमांक तोच राहतो. तेव्हा जुना क्रमांक आधी सांगा. नाहीतर नवी फाइल उघडली जाते आणि दोन नोंदींचा घोळ निस्तरण्यात दिवस जातात.

कार्ड हरवलं तर आयसीपीच्या केंद्रात कळवून ते आधी बंद करून घ्यायचं आणि मग बदली कार्डाचा अर्ज करायचा. मूळ शुल्क ३०० दिरहम, सेवेचे पैसे वेगळे, आणि तातडीने हवं असेल तर आणखी १५०. व्हिसाचे दोनच महिने उरले असले तरी रक्कम कमी होत नाही. अशा वेळी व्हिसाचं नूतनीकरण आधी करता येतं का, हे कंपनीला विचारून बघा.

कायमचं परतत असाल तर व्हिसा रद्द होताना कार्डही रद्द होतं. बँका मुदत संपलेल्या कार्डावर खातं गोठवतात, म्हणून शेवटचा पगार काढणं, कर्जाचं ना-देय पत्र आणि खातं बंद करणं, ही कामं रद्दीकरणाच्या अर्जावर सही करण्याआधी उरका.