सीआरपी नॉर्मल, तरी सोरायसिस आहेच

कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात लालसर चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. सोरायसिस डॉक्टर बहुतेक वेळा नुसता बघूनच ओळखतात. शंका असली तर कातडीचा छोटा तुकडा तपासतात. ‘सोरायसिस पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट देणारी रक्ताची तपासणी नाहीच. मग ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह (आतली सूज) दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या कशाला करायला सांगतात?

कारण हा आजार कातडीपुरता राहत नाही. रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ, आयएल-17 यांसारखी प्रथिनं सोडतात. एरवी महिनाभर चालणारं कातडीच्या पेशींचं चक्र त्यांच्या चिथावणीने 3 ते 5 दिवसांत उरकतं; म्हणून तर खपल्यांचे थर साचतात. दाह वाढला की आयएल-6 हे असंच आणखी एक प्रथिन यकृतापर्यंत निरोप पोचवतं आणि यकृत सीआरपी बनवायला घेतं. सीआरपी हे प्रथिन 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. सोरायसिसशी त्याचं खास नातं काहीच नाही.

ईएसआरची युक्ती मला फार आवडते. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं, बस्स. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि ही जड चळत भराभर तळाशी जाते. पण रक्त कमी असलं, वय झालं किंवा गरोदरपण असलं, तरी ईएसआर वाढतोच.

सीआरपीही असंच भोळं. साधा ताप, दाढेतला पू, वाढलेलं वजन, कशानेही ते चढतं; आणि सोरायसिस असलेल्यांत वजन जास्त असणं काही दुर्मीळ नाही. सीबीसीमधल्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीतल्या, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचंही तेच. सोरायसिसच्या रुग्णांत ते सरासरीने जास्त भरतं, पण एकट्या माणसाच्या रिपोर्टवरून त्यातून फारसं हाती लागत नाही.

उलटी फसगत जास्त वाईट. सोरायसिसमुळे सांधे धरलेल्या बऱ्याच जणांचं सीआरपी अगदी नॉर्मल येतं. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं आखडलेली राहत असतील, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं असेल, टाच ठणकत असेल, तर रिपोर्टची फाइल उघडण्याआधी डॉक्टरांना ते सांगा.