गिटार पिशवीतून बाहेर काढा
(लातूरच्या आमच्या दुकानातून गिटार नेणाऱ्यांसाठी)

नमस्कार. तुम्ही हौसेनं नेलेली गिटार तीन-चार महिन्यांनी परत विकायला आली की आम्हाला फार वाईट वाटतं. पिशवीची चेन उघडावी तर तारांवर गंज, आणि पहिल्या दिवशी दिलेलं पिक (तारा छेडायची चकती) तसंच कोरं. "लेकरानं नादच सोडला हो," असं आई-वडील सांगतात. आम्ही गिटार हातात घेऊन बघतो, तेव्हा बऱ्याचदा ती वाजवायलाच जड झालेली असते.

म्हणून कंटाळा यायला लागला की आधी गिटार तपासा. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी म्हणजे फ्रेट) सगळ्यात जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर जागा असावी. याला अ‍ॅक्शन म्हणतात. तार याहून बरीच वर उचललेली असेल तर ती दाबायला दुप्पट जोर लागतो की काय असं वाटतं, बोटं सोलवटतात आणि सूर तरीही फसका येतो. नवशिक्याला वाटतं, आपल्याला जमतच नाही. नट आणि सॅडल (तारा ज्यांवर टेकतात त्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या पट्ट्या) थोडं घासून अ‍ॅक्शन खाली आणता येते. बाराच्या सेटऐवजी दहाचा सेट लावला, म्हणजे पहिली (सगळ्यात बारीक) तार ०.०१२ ऐवजी ०.०१० इंचाची घेतली, तरी बोटांना लगेच फरक कळतो. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस दुखणारच, पण रक्त येईपर्यंत वाजवायचं नाही.

आपल्याकडचा उन्हाळा गिटारीला सोसत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या ट्यूशनच्या मुलांनी तर दुपारी गिटार पिशवीतच ठेवावी, सोबत साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा. कूलरच्या थेट झोतात गिटार नको. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबातच नको, तिथं ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीचा, डिंक सुटतो.

दिवस कलला की मात्र ती बाहेर काढा आणि जिथं येता-जाता हात लागेल तिथं स्टँडवर ठेवा. चहा उकळेपर्यंतची पाच मिनिटंसुद्धा रियाजाचीच. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं बोटांच्या जास्त लक्षात राहतात. दहावी-बारावीच्या लेकरांच्या पालकांना आमची कळकळीची विनंती आहे, परीक्षेच्या महिन्यातही दहा मिनिटं वाजवू द्या. चार महिने पूर्ण बंद पडलं की बोटांचे घट्टे जातात आणि पुन्हा पहिल्यापासून दुखायला लागतं.

पंधरा मिनिटांत करायचं काय? एक उदाहरण घ्या. ए मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरा: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. आता पहिली दोन बोटं हलवू नका. फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. झाला सी मेजर! एका मिनिटात हा बदल स्वच्छ आवाजात किती वेळा जमला, तो आकडा तारखेसह वहीत लिहा. पंधरा दिवसांनी मागचं पान बघा. आपण पुढं सरकलोय हे कुणी सांगावं लागत नाही.

एफची बार कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायची) पहिल्या महिन्यात नाही जमली तर सोडून द्या, ती बहुतेकांना रडवते. त्यापेक्षा गावच्या सप्ताहात ऐकलेली, तोंडात बसलेली एखादी चाल एका तारेवर काढा. घरातलं कुणीतरी गुणगुणायला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी गिटार आपोआप हातात येते.

अ‍ॅक्शन आणि ट्यूनिंग बघून द्यायचे आम्ही पहिले सहा महिने पैसे घेत नाही. औसा, निलंगा, उदगीरहून येणाऱ्यांनी संध्याकाळी पाचच्या आत यावं, म्हणजे काम करून त्याच दिवशी परत देता येईल. येताना वहीही आणा, आम्हाला बघायला आवडेल.