तेजस्वी तारा जवळचा असतो का?

पावसाळा सरला की संध्याकाळी उत्तरेकडे उंचावर हंस तारकासमूह येतो. त्यातला डेनेब शहरातूनही ठळक दिसतो. त्याच समूहात 61 सिग्नी नावाचा जोडतारा आहे. तो नुसत्या डोळ्यांनी पाहायचा तर चांगला काळोख हवा. पाहणाऱ्याला वाटतं, डेनेब जवळ आणि हा लांब. प्रत्यक्षात 61 सिग्नी साडेअकरा प्रकाशवर्षांच्या आत आहे आणि डेनेब हजाराहून अधिक प्रकाशवर्षांवर! डेनेब मुळातच प्रचंड तेजस्वी आहे. त्यामुळे नुसत्या तेजावरून अंतर ठरवता येत नाही.

मग ते ठरवायचं कसं? हात लांब करून अंगठा उभा धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकतो, आणि हात जवळ आणाल तसा जास्त सरकतो. ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घ्यायची. सहा महिन्यांत आपण सुमारे 30 कोटी किलोमीटर पलीकडे पोचतो, तेव्हा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसायला हवा. या सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे पराशय.

सोळाव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याला तो दिसला नाही, म्हणून पृथ्वी फिरते हे त्याने मानलं नाही. त्याचा तर्क चोख होता. तारे इतके दूर असतील ही कल्पनाच तेव्हा अवघड होती.

1838 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिश बेसेलने क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेतून 61 सिग्नीचा पराशय मोजला. हा फिकट तारा त्याने निवडला, कारण तो आकाशात दरवर्षी पाच विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) अधिक सरकतो, आणि एवढी चाल जवळच्या ताऱ्याचीच असण्याचा संभव जास्त. बेसेलची निवड मला त्याच्या मोजणीइतकीच मोलाची वाटते. त्याचं उपकरण फ्राउनहोफरने घडवलेलं हेलिओमीटर. त्याचं भिंग मधोमध कापलेलं असे आणि दोन्ही अर्ध्या भागांतून वेगवेगळी प्रतिमा उमटे. एका प्रतिमेतला तारा दुसऱ्या प्रतिमेतल्या शेजाऱ्यावर नेमका बसेपर्यंत अर्धं भिंग स्क्रूने सरकवायचं आणि स्क्रूवरचा आकडा वाचायचा. वर्षभराहून अधिक काळ असे वेध घेतल्यावर उत्तर आलं 0.31 विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचं नाणं सोळा किलोमीटरवरून पाहावं, एवढा हा कोन! त्यावरून अंतर निघालं सुमारे 10.3 प्रकाशवर्षं, आजच्या आकड्याच्या अगदी जवळ.

त्याच सुमारास स्ट्रूव्हने अभिजितचा आणि हेंडरसनने मित्र ताऱ्याचा पराशय काढला. वातावरणाच्या थरथरीमुळे जमिनीवरून फार पुढे जाता येईना. 2013 मध्ये सोडलेल्या गाया यानाने मात्र अब्जाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. त्यांत सेफीड जातीचे ठरावीक काळाने कमीजास्त तेजस्वी होणारे तारेही आहेत. सेफीडचा हा काळ जितका मोठा तितकं त्याचं खरं तेज जास्त. हे नातं जवळच्या सेफीडवरून एकदा पक्कं झालं, की दुसऱ्या दीर्घिकांतल्या सेफीडवरून त्या दीर्घिकांचं अंतर काढता येतं.