दूधभातावरची मांजर: कुत्र्या-मांजरांच्या शाकाहारामागचा इतिहास

कोकणातल्या शाकाहारी घरांतही मांजरी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, व्यायल्या, म्हाताऱ्या झाल्या. त्यांना मिळायचा तो दूधभात, ताकभात, सणाला तूप लावलेल्या पोळीचा तुकडा. ‘आमच्याकडची मांजर कधी मासळीला शिवली नाही’ असं रत्नागिरी-राजापूरकडची वडीलधारी माणसं आजही खात्रीने सांगतात. कुत्र्या-मांजरांना शाकाहारी ठेवता येईल का, असा विषय निघाला की हाच दाखला पुढे येतो. पण तो दाखला अर्धाच आहे.

कोकणी घरात मांजर हवी असायची ती उंदरांसाठी. भात कणगीत, नारळ-सुपारी माळ्यावर, पेंढ्याची उडवी मागीलदारी. उंदीर-घुशींना याहून चांगली जागा कुठली? वाटीभर दूधभात चाटून मांजर रात्री कौलांवर, गोठ्यात, बागेत हिंडायची आणि उंदीर, पाली, सरडे मारून पोट भरायची. पावसाळ्यासाठी शेजारच्या अंगणात सुकट, बोंबील वाळत असत, तिथेही तिचा फेरा असायचाच. दूधभात हा तिचा वरखुराक होता, आणि तिला जगवणारं अन्न घरातल्यांच्या नजरेआड खाल्लं जात होतं.

माणसाशी तिचं हे नातं धान्यामुळेच जुळलं. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचा आहे. इतक्या काळात तिचा स्वभाव मवाळ झाला, पचन मात्र शिकारी प्राण्याचंच राहिलं. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, तिला ते जमत नाही. वनस्पती तेलांपासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे शरीराला लागणारं स्निग्धाम्लही ती पुरेसं बनवू शकत नाही. आर्जिनिन हे अमिनो आम्ल नसलेलं एकच जेवण दिलं तरी काही तासांत तिच्या रक्तात अमोनिया साठतो, हे १९७८मध्ये दिसून आलं.

सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण टॉरिनचं, म्हणजे मांस-मासळीतून मिळणाऱ्या आणि मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेशा न बनवता येणाऱ्या पदार्थाचं. १८२७मध्ये जर्मनीत बैलाच्या पित्तातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला गेला. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं मांजराच्या खाण्याशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता. १९७५मध्ये हेज या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, एवढाच प्रथिनांचा आधार असलेल्या आहारावर मांजरांचा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, झिजतो आणि त्याचं कारण टॉरिनची कमतरता हे आहे. आपल्या दूधभाताबद्दल याहून थेट पुरावा मिळणं कठीण. १९८७मध्ये कॅलिफोर्नियात पशुवैद्य पॉल पायन यांना आढळलं, की मांजरांचं हृदय पसरून दुबळं होण्यामागेही हीच कमतरता असते आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारू शकतं. विशेष म्हणजे ती मांजरं बाजारातलं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. ते प्रयोगशाळेत तयार होतं, म्हणून मांस न वापरताही खाद्यात घालता येतं. आजच्या शाकाहारी कॅटफूडचा पाया हाच आहे.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो माणसाच्या उष्ट्यावर वाढला. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. पेजेवर आणि भाकरीवर वाडीची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या शरीरात त्या खाण्याची तयारी होती. अर्थात पेज म्हणजे पूर्ण आहार नव्हे. आणि कांदा-लसणीची आमटी तर कुत्रा-मांजर दोघांनाही घालू नये, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता चिपळूण-रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना जाळ्या आल्या. मांजर सुरक्षित झाली, पण तिची शिकार संपली. जुना दूधभात तसाच चालू राहिला तर ती हळूहळू आंधळी होऊ शकते, आणि पाळणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून हा प्रश्न मला आज तातडीचा वाटतो.

परदेशात वाद चालूच आहे. २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांचा हृदयविकार आणि वाटाणे-मसूर भरपूर असलेलं खाद्य यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केली. २०२२ आणि २०२३मध्ये अडीच हजारांहून अधिक कुत्रे आणि तेराशेहून अधिक मांजरं यांच्याबद्दल दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. वनस्पतिजन्य खाद्यावरच्या प्राण्यांची प्रकृती इतरांपेक्षा वाईट असल्याचं त्यांत दिसलं नाही, पण माहिती मालकांनीच दिलेली होती. माझ्या मते तेवढ्यावर मांजराचं आयुष्य पणाला लावू नये. २०२४मध्ये ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेने संतुलित शाकाहारी खाद्याला असलेला विरोध कुत्र्यांपुरता मागे घेतला, मांजरांसाठी मात्र शिफारस केली नाही.

ज्या घरात मासळी शिजत नाही, तिथे कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने संतुलित शाकाहारी खाद्यावर ठेवता येईल. मांजर पाळायची असेल, तर तिच्यापुरतं मांस-मासळी असलेलं तयार खाद्य घरात आणायची तयारी हवी.