करारात नसलेला शब्द

स्त्रियांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला घेतला की वाचन बहुधा १९७९ च्या भेदभाव निर्मूलन कराराने, म्हणजे 'सीडॉ'ने सुरू होते. तीस कलमे. शिक्षण, नोकरी, आरोग्य, बँकेचे कर्ज, नागरिकत्व, खेड्यातल्या स्त्रिया, विवाह असे बरेच काही त्यात आहे. नाही ती हिंसा. हा शब्द सबंध करारात एकदाही येत नाही. त्याच्या जवळ जाणारे सहावे कलम आहे, पण ते स्त्रियांचा व्यापार आणि वेश्याव्यवसायातील शोषण एवढ्यापुरतेच. आज या विषयावरचा निम्माअधिक अभ्यास हिंसेभोवती फिरतो आणि त्याचा मूळ करार मात्र त्याबद्दल गप्प आहे. मधली वाट कशी काढली गेली, हे कळले नाही तर पुढचे निवाडे हवेत तरंगत राहतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेच्या प्रास्ताविकात स्त्री-पुरुषांचे समान हक्क आले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमाचा कर्ता 'सर्व पुरुष' असा वाचता येईल असा होता; एका भारतीय सदस्येने आग्रह धरला आणि तिथे 'सर्व माणसे' आले. मग राजकीय हक्क (१९५२), विवाहितेचे नागरिकत्व (१९५७), विवाहाला संमती (१९६२) असे सुटे सुटे करार झाले. त्यांना एकत्र आणणारा करार १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला गेला आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाला. आज १८९ देश त्याचे सदस्य आहेत.

या कराराचा साचा उसना होता. वांशिक भेदभावाविरुद्धचा करार १९६५ सालीच तयार होता आणि भेदभावाची व्याख्या तिथून थोड्याफार फरकाने उचलली गेली. त्या जुन्या कराराच्या पाचव्या कलमात शरीराला होणाऱ्या इजेपासून आणि हिंसेपासून राज्याने संरक्षण द्यावे, इजा करणारा सरकारी अधिकारी असो वा खासगी व्यक्ती, असे स्वच्छ लिहिले आहे. व्याख्या घेतली, हे वाक्य मात्र घेतले नाही. नजरचुकीने राहिले असे मला वाटत नाही. वांशिक हिंसा रस्त्यावर होते, सगळ्यांना दिसते. बायकोला होणारी मारहाण ही त्या काळी कायदेपंडितांच्या लेखी घरातली बाब होती आणि आंतरराष्ट्रीय कायद्याने घराच्या उंबऱ्याबाहेर थांबायचे, हे न लिहिलेले सूत्र होते.

ऐंशीच्या दशकात देशोदेशीचे अहवाल कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे येऊ लागले आणि ही पोकळी झाकणे अवघड झाले. १९८९ मध्ये समितीने एक छोटी शिफारस काढून देशांना हिंसेबद्दलची माहिती अहवालात द्यायला सांगितले. खरा निर्णय १९९२ चा, सर्वसाधारण शिफारस क्रमांक १९ चा. तिचे म्हणणे एका वाक्यात मावते : लिंगभावाधारित हिंसा (बाईवर ती बाई आहे म्हणून होणारी) हा भेदभावाचाच एक प्रकार आहे. भेदभाव करारात आहे, म्हणून हिंसाही आहे. मजकुराला हात न लावता त्याचा अर्थ रुंद केला गेला.

दुसरे मार्ग नव्हते असे नाही. करारात दुरुस्ती करता आली असती, पण त्यासाठी सरकारांची मने वळवायची आणि वर्षानुवर्षे थांबायचे. याच करारात समितीची वार्षिक बैठक सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त नसावी अशी मर्यादा आहे. ती काढणारी दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली, पण पुरेशा देशांच्या स्वीकृतीअभावी अजून लागू झालेली नाही. एवढ्या कारकुनी बदलाची ही गत, तर हिंसेच्या कलमाचे काय झाले असते? दुसरा मार्ग छळाविरुद्धच्या १९८४ च्या कराराचा. तिथे अडचण व्याख्येतच होती : छळामागे सरकारी अधिकाऱ्याचा हात, संमती किंवा मूक संमती हवी. पोलीस कोठडीतला मार 'छळ' ठरतो; तसाच मार स्वयंपाकघरात बसला तर व्याख्या अडखळते. १९९१ मध्ये तीन स्त्री-अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका नामांकित कायदेविषयक नियतकालिकात नेमके यावरच बोट ठेवले. सार्वजनिक आणि खासगी अशी विभागणी तटस्थ दिसते, पण स्त्रियांचे बहुतेक दुःख ज्या बाजूला घडते तीच बाजू ती कायद्याबाहेर ठेवते, असा त्यांचा मुद्दा होता. हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जाऊ लागला, त्यात या लेखाचा वाटा मोठा आहे.

भेदभावाचा मार्ग निवडण्यामागे एक कायदेशीर हुशारी होती आणि ती अभ्यासात फारशी ठसवली जात नाही. दुसऱ्या कलमाच्या 'ई' खंडात कोणतीही व्यक्ती, संघटना किंवा उद्योग यांच्याकडून होणारा भेदभाव दूर करण्याची जबाबदारी राज्याने आधीच पत्करली होती. म्हणजे उंबरा ओलांडायची परवानगी १९७९ च्या मजकुरातच होती. हिंसेला भेदभाव म्हटले की ती परवानगी हिंसेलाही लागू होते. राज्याने नेमके किती करायचे, याचे माप अमेरिका खंडातल्या मानवी हक्क न्यायालयाच्या १९८८ च्या निकालात तयार होते. होंडुरासमधल्या बेपत्ता माणसांचे ते प्रकरण. खासगी व्यक्तीने केलेल्या कृत्यालाही राज्य उत्तरदायी ठरू शकते, जर त्याने ते रोखण्यात किंवा त्याचा तपास करण्यात योग्य दक्षता घेतली नसेल तर. समितीने ही 'योग्य दक्षता' जशीच्या तशी उचलली.

आक्षेप दोन्हीकडून आले. सरकारी वकिलांचा आक्षेप अपेक्षित होता : आम्ही भेदभावाच्या करारावर सही केली, हिंसेच्या नाही, आणि शिफारस बंधनकारक नसते. आतल्या गोटातला आक्षेप अधिक बोचरा आहे. भेदभाव म्हटला की तुलना आली. मार खाणाऱ्या बाईने आपल्यावरचा अन्याय सिद्ध करायला पुरुषाशी स्वतःला का मोजावे? हाड मोडले ते मोडले. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही १९९२ चा निर्णय मला बरोबर वाटतो, कारण 'भेदभाव' म्हटल्यावर एकट्यादुकट्या नवऱ्याचा राग हे उत्तर पुरत नाही. पोलीस तक्रार का घेत नाहीत, हेही विचारावे लागते.

मात्र पाया भुसभुशीत होता. करारावर सही करताना देश काही कलमे आपल्यापुरती बाजूला ठेवू शकतात. (मराठीत याला 'आरक्षण' म्हटले की अर्थाचा घोळ होतो, म्हणून 'राखीव अट' म्हणू.) सर्वाधिक वादग्रस्त राखीव अटी नेमक्या कलम २ आणि विवाहाविषयीच्या कलम १६ वर आहेत. कराराच्या हेतूशी विसंगत अट चालणार नाही, असे कलम २८ सांगते, पण ती विसंगत आहे हे ठरवायचे कोणी? वंशभेदाच्या करारात दोन तृतीयांश सदस्यांनी हरकत घेतली की अट विसंगत ठरते. हीदेखील तरतूद उचलायची राहिली.

नंतरची घडामोड वेगाने झाली. जून १९९३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक मानवी हक्क परिषदेने स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कांचा अविभाज्य भाग असल्याचे जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये हिंसेवरचा स्वतंत्र जाहीरनामा आला. १९९४ मध्ये अमेरिका खंडाचा, २००३ मध्ये आफ्रिकेचा आणि २०११ मध्ये युरोपचा, अशा प्रादेशिक करारांनी जागतिक करारात नसलेला शब्द उघडपणे लिहिला. २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानविरुद्धच्या खटल्यात छळाची आणि भेदभावाची अशा दोन्ही वाटा एकत्र आणल्या. जावयाने सासूला गोळी घालून मारले होते. त्याआधीच्या काही तक्रारी, मागे घेतल्या गेल्या म्हणून, दप्तरी दाखल झाल्या होत्या. न्यायालयाने त्यात अमानुष वागणूकही पाहिली आणि भेदभावही.

दरम्यान 'लिंगभाव' हा शब्दच भांडणाचा विषय झाला. मराठीत 'लिंग' शरीराचे आणि 'लिंगभाव' समाजाने चढवलेल्या भूमिकेचे, अशी सोय घडवून घेतली आहे. अनेक भाषांत ती नाही. स्त्रियांविषयीच्या १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या तयारीत हा शब्द कंसात, म्हणजे एकमत न झालेल्या मजकुरात, अडकला आणि शेवटी 'नेहमीच्या, सर्वमान्य वापरातला अर्थ' एवढ्यावर तडजोड झाली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम संविधीने समाजाच्या संदर्भातील स्त्री आणि पुरुष ही दोन लिंगे, अशी व्याख्या केली आणि याहून वेगळा अर्थ नाही, अशी पुस्तीही जोडली. बल्गेरियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये युरोपचा करार राज्यघटनेशी विसंगत ठरवला, तोही मुख्यतः या शब्दावरून.

२०१७ मध्ये समितीने शिफारस क्रमांक ३५ काढून पुढचा दावा केला : अशा हिंसेला असलेली बंदी आता आंतरराष्ट्रीय रूढी-कायद्याचे तत्त्व झाली आहे, म्हणजे करारावर सही असो वा नसो. त्यावर एकमत नाही. स्वतंत्र जागतिक करार हवा, अशी मागणी करणारेही आहेत आणि आहे त्याचीच अंमलबजावणी करा म्हणणारेही. तुर्कस्तान मार्च २०२१ मध्ये युरोपच्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेऊन जुलैमध्ये बाहेर पडले. त्या करारावर इस्तंबूलमध्येच सह्या झाल्या होत्या आणि तो मंजूर करणारा पहिला देशही तुर्कस्तानच. १९७९ च्या करारातून मात्र ते बाहेर पडलेले नाही. त्यामुळे हिंसेबद्दलचे प्रश्न समिती त्याला अजून विचारू शकते, हिंसेचे नावही नसलेल्या मजकुराच्या आधारे.