खुलासा : ‘लिस्ट’ नाव वापरलं म्हणून पायथन बिघडत नाही

समज असा : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हेरिएबलला ‘लिस्ट’ किंवा ‘सम’ नाव दिलं की मूळ फंक्शन कायमचं पुसलं जातं, पायथन पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.

पुसलं काहीच जात नाही. पायथन कुठलंही नाव आधी चालू फंक्शनमध्ये शोधतो, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मग फाइलच्या पातळीवर आणि शेवटी ‘बिल्टइन्स’मध्ये, म्हणजे पायथनसोबत तयार येणाऱ्या नावांत; ‘लिस्ट’, ‘सम’ तिथलीच. तुमचं नाव आधी सापडतं, म्हणून मूळ नाव झाकलं जातं, तेही त्या फाइलपुरतंच.

स्वतः पाहा. इंटरप्रिटरमध्ये (लिहिलेली ओळ लगेच चालवणाऱ्या पायथनच्या खिडकीत) ‘सम’ला ५ ही किंमत द्या, मग सम वापरून बेरीज करा. ‘टाइपएरर’ येईल, कारण पूर्णांकाला फंक्शनसारखं बोलावता येत नाही. आता ‘डेल’ (दिलेलं नाव काढून टाकणारा शब्द) लिहून पुढे सम लिहा. बेरीज पुन्हा चालते.

‘इफ’, ‘फॉर’ हे मात्र राखीव शब्द. त्यांना किंमत देऊ गेलात तर ‘सिंटॅक्सएरर’च, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक. ‘प्रिंट’ पायथन २ मध्ये असाच राखीव होता. २००८ च्या पायथन ३ पासून तो साधं फंक्शन आहे, म्हणून बदलता येतो. ही मोकळीक योग्यच आहे: प्रिंट झाकून आउटपुट लॉगमध्ये वळवता येतं. खरी जपणूक हवी ती थेट ‘बिल्टइन्स’ मॉड्यूल बदलताना. तो बदल त्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या मॉड्यूलना, म्हणजे फाइलींना, लागतो, पण प्रोग्रॅम संपला की तोही जातो.