क्लासिक स्पोर्ट्स कारमधलं एमिशन व्हेरिएंट इंजिन ओळखणं

एमिशन व्हेरिएंट म्हणजे एकाच मॉडेलच्या इंजिनाची अशी आवृत्ती, जी एखाद्या देशाच्या, कधी कधी तर एकाच राज्याच्या धुराच्या नियमांसाठी कारखान्यातूनच वेगळी बनून बाहेर पडली. साधारण १९६८ पासून ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत निर्यात झालेल्या बहुतेक स्पोर्ट्स कारना हे लागू पडतं. बाहेरून इंजिन सारखंच दिसतं पण आतले पिस्टन, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग) यातलं काहीही वेगळं असू शकतं, आणि रिस्टोरेशनच्या सुरुवातीलाच हे ओळखलं नाही तर चुकीचे पार्ट येतात, चुकीच्या मॅन्युअलवरून टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते, लागतं आणि सगळं नवं घालून बांधलेलं इंजिन शेवटी नीट चालतच नाही.

नियम आले कुठून

सुरुवात कॅलिफोर्नियाची. लॉस एंजेलिसवरच्या धुरक्याला कंटाळून तिथे १९६६ च्या मॉडेलपासून एक्झॉस्टवर मर्यादा आली, मग १९६८ च्या मॉडेलपासून संपूर्ण अमेरिकेत. कॅलिफोर्नियाला स्वतःचे जास्त कडक नियम ठेवायची मुभा राहिली, त्यामुळे अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांमध्येही दोन जाती झाल्या, एक कॅलिफोर्नियाची आणि एक बाकी ४९ राज्यांची. १९७५ मध्ये बऱ्याच गाड्यांना कॅटलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅटलिस्ट, एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा डबा) आला आणि त्यांना शिसं नसलेलंच पेट्रोल लागायला लागलं. ऑस्ट्रेलियात एडीआर (ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल) २७ए हा नियम जुलै १९७६ पासून लागू झाला, जपानमध्ये १९७८ चे नियम फार कडक होते, युरोपात मात्र बराच काळ सगळं त्यामानाने सैल होतं. म्हणून एकाच वर्षाची एकच गाडी इंग्लंडमध्ये एक आणि अमेरिकेत दुसरीच असं व्हायचं.

ट्रायम्फ टीआर६ हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. इंग्लंडमधल्या गाडीला लुकासचं मेकॅनिकल पेट्रोल इंजेक्शन होतं आणि कंपनी १५० हॉर्सपॉवर सांगायची, अमेरिकेत गेलेल्या त्याच अडीच लिटर इंजिनाला दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर, कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) आणि १०५ च्या आसपास पॉवर. अल्फा रोमिओनं बरोबर उलटं केलं, १९६९ पासून अमेरिकेच्या गाडीला स्पिकाचं मेकॅनिकल इंजेक्शन आणि युरोपच्या गाडीला कार्बोरेटर, त्यामुळे इंजेक्शन दिसलं की युरोपियन गाडी हा टीआर६ वरून बांधलेला अंदाज अल्फावर सपशेल पडतो. प्रत्येक कंपनीचा विचार वेगळा होता, एका गाडीचा नियम दुसरीला लावायला जाऊ नये.

नंबर वाचणं

पहिला पुरावा अर्थातच इंजिन नंबर, पण कंपन्यांनी त्यात काय काय लपवलंय ते माहीत पाहिजे. टीआर६ मध्ये सुरुवातीची अक्षरंच बोलतात: सीपी आणि नंतर सीआर म्हणजे इंजेक्शनवाली, सीसी आणि नंतर सीएफ म्हणजे अमेरिकेची कार्बोरेटरवाली. एमजीबीमध्ये १८जीएफ, १८जीके ही अमेरिकेची इंजिनं, आणि पुढे १८व्ही मालिका आली तेव्हा मधल्या आकड्यांवरून बाजारपेठ कळते. १८व्ही ७९७ आणि १८व्ही ७९८ ही दोन्ही १९७५ ची अमेरिकन इंजिनं, पण पहिलं कॅटलिस्ट नसलेलं आणि दुसरं कॅटलिस्टवालं कॅलिफोर्नियाचं. शेवटचं एल किंवा एच हे कॉम्प्रेशन कमी की जास्त ते सांगतं. जॅग्वार ई-टाइपमध्ये नंबरच्या शेवटी ७, ८ किंवा ९ असतो, तोही कॉम्प्रेशनचाच, आणि तिथे नंबर ब्लॉकवर (इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेडवर (त्याच्या वरचं झाकण) दोन्हीकडे पंच केलेला असल्यामुळे हेड मूळचं आहे की बदललेलं हे तिथल्या तिथे कळतं.

पोर्शमध्ये तर इंजिनाचा टाइप नंबरच क्रँककेसवर पंच केलेला असतो. ९११ कॅरेरा ३.२ घ्या, ९३०/२० म्हणजे युरोपचं २३१ हॉर्सपॉवरचं, ९३०/२१ म्हणजे अमेरिकेचं २०७ चं, आणि १९८७ पासून ९३०/२५ म्हणजे अमेरिकेचंच पण २१७ चं. १९८१ च्या मॉडेलपासून १७ अक्षरं-आकड्यांचा चासी नंबर आला, त्यात चौथ्या ते सहाव्या जागी झेडझेडझेड असेल तर ती गाडी अमेरिकेसाठी बनलेली नव्हती. म्हणजे झेडझेडझेडवाल्या गाडीत ९३०/२१ इंजिन सापडलं तर मधे कुणीतरी इंजिन बदललेलं असू शकतं.

आता खरी गोष्ट. नंबर हा फक्त सुरुवातीचा पुरावा आहे, त्यावर निकाल देऊ नये. एमजीबीचा इंजिन नंबर एका छोट्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी रिवेटने बसवलेली असते, ती काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावणं काहीच अवघड नाही. ब्लॉकला फेसिंग केलं, म्हणजे वरचा पृष्ठभाग घासून सपाट केला, तर कॉर्व्हेटसारख्या गाडीचा ब्लॉकच्या पॅडवर (सपाट उंचवट्यावर) पंच केलेला कोड चक्क पुसला जातो, आणि १९८० च्या कॉर्व्हेटला तर तोच कोड महत्त्वाचा, कारण त्या वर्षी कॅलिफोर्नियात विकलेल्या गाड्यांना ३५० ऐवजी ३०५ क्युबिक इंचाचं व्ही८ दिलं होतं. म्हणून मशीन शॉपला ब्लॉक द्यायच्या आधी सगळ्या नंबरांचे जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढायचेच, यात आळस नको.

कास्टिंग नंबर आणि पंच केलेला नंबर यातही गल्लत होते. कास्टिंग नंबर साच्यातूनच उमटतो, तो फक्त त्या भागाची जात सांगतो, तो भाग मूळ कुठल्या गाडीत होता ते नाही. डॅटसन २४०झेडच्या हेडवर ई३१ किंवा ई८८ असं लिहिलेलं असतं, नंतरच्या २८०झेडवर एन४२ किंवा एन४७. एन४७ च्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये (धूर बाहेर जायच्या वाटेत) लायनर, म्हणजे आतली अस्तरं असतात, धूर गरम राहावा आणि पुढे जळून जावा म्हणून, आणि पोर्टही गोल असतात. हे हेड डॅटसनच्या त्याच एल मालिकेच्या जुन्या ब्लॉकवरही बसतं, त्यामुळे हेड एका देशाचं आणि ब्लॉक दुसऱ्या देशाचा असं मिश्रण झेड गाड्यांमध्ये खूप सापडतं.

इंजिनावरच्या खुणा

नंबर संशयास्पद असले की हार्डवेअर बघायचं, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पुरावा इथेच मिळतो, कारण लोक पंप काढून टाकतात पण त्याची भोकं राहतात. अमेरिकन गाड्यांना बेल्टवर फिरणारा एअर पंप असायचा जो एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा ढकलायचा. तो गेला तरी हेडमध्ये प्रत्येक पोर्टजवळ आटे पाडलेली भोकं राहतात आणि त्यात बोल्ट ठोकून बंद केलेली दिसतात. बऱ्याच कास्टिंगमध्ये सगळ्या देशांसाठी उंचवटा तोच असतो, फक्त भोक पाडलेलं नसतं, त्यामुळे नुसता उंचवटा बघून अमेरिकन ठरवू नये, आटे बघावेत. पंपाचं ब्रॅकेट बसायची जागा, क्रँक पुलीवरचा जास्तीचा खाचा, मॅनिफोल्डवरचे बुजवलेले व्हॅक्यूमचे नळ, पेट्रोलच्या वाफा धरणाऱ्या कोळशाच्या डब्याचं ब्रॅकेट, हे सगळं चिकाटीने शोधायचं.

कार्बोरेटरही बरंच बोलतात. एसयू या ब्रिटिश कंपनीच्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठायच्या कप्प्याच्या) झाकणावर स्क्रूखाली एक छोटा टॅग असतो, त्यावरच्या एयूडी नंबरवरून ते कुठल्या इंजिनासाठी होतं ते कळतं, हा टॅग हरवला की मोठंच नुकसान. टॅग नसेल तर थ्रॉटलची चकती बघायची, एमिशनवाल्या एसयूमध्ये त्या चकतीवरच स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असतो. ई-टाइपमध्ये तर लांबूनच कळतं, तीन एसयूच्या जागी दोन स्ट्रॉमबर्ग म्हणजे अमेरिकेची गाडी. १९७५ पासूनच्या अमेरिकन एमजीबीला एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग होता. २४०झेडला १९७३ मध्ये अमेरिकेत सपाट माथ्याचे कार्बोरेटर आले, त्यांच्यावर गरम झाल्यावर त्रास देण्याचा आरोप इतका होता की बहुतेकांनी ते काढून आधीचे गोल माथ्याचे बसवले, म्हणून आज गोल माथा दिसला तरी वर्ष ठरत नाही.

डिस्ट्रिब्युटर मात्र बहुतेक जण बघतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. काही अमेरिकन गाड्यांमध्ये व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेण्याऐवजी आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मागे खेचायचं, म्हणजे रिटार्ड करायचं. असा डिस्ट्रिब्युटर ठेवून युरोपच्या मॅन्युअलप्रमाणे टायमिंग लावलं की इंजिन गरम होतं, ओढत नाही, आणि मालक बिचारा कार्बोरेटरशी झटत बसतो. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरचा नंबर आणि त्याच्या व्हॅक्यूम कॅप्सूलला नळी कुठून येते हे दोन्ही तपासावं.

गाडीच्या अंगावरही पुरावे असतात. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटखाली एमिशनचं स्टिकर असायचं, त्यावर टायमिंग, आयडलचा स्पीड, आणि कॅलिफोर्नियाची असेल तर तसा उल्लेख. कॅटलिस्टवाल्या गाडीत पेट्रोल टाकायचं तोंड मुद्दाम अरुंद केलेलं असतं. स्टिकर जुनं, फाटलेलं असलं तरी खरवडून काढू नये, रंगवायच्या आधी त्याचा फोटो आणि मोजमाप घ्यावं.

आतलं इंजिन

एवढं करून खात्री होत नसेल तर इंजिन खोलूनच बघायचं. कॉम्प्रेशन गेज फक्त अंदाज देतो, कारण झिजलेल्या रिंगा आणि कॅमचं टायमिंग दोन्ही आकडा बदलतात. खरं उत्तर पिस्टनच्या माथ्याच्या खोलगटपणात आणि हेडच्या चेंबरच्या घनफळात आहे, ते ब्युरेटने द्रव भरून मोजता येतं. कॅमशाफ्टची लिफ्ट डायल गेजने मोजावी. मॅन्युअलमधल्या हॉर्सपॉवरची तुलना करताना सांभाळून, अमेरिकन कंपन्या १९७२ च्या सुमारास ग्रॉसवरून (नुसत्या इंजिनाची पॉवर) नेट (गाडीतल्यासारखी सगळी उपकरणं लावून मोजलेली पॉवर) आकड्यांवर आल्या, त्यामुळे तिथली घट पूर्णपणे एमिशनमुळे नाही, काही नुसती मोजायची पद्धत बदलल्यामुळे आहे.

ओळख पटल्यावर काय करायचं

बरेच जण एमिशनचं सामान म्हणजे कचरा समजून आधी तेच फेकतात आणि इंजिन युरोपच्या स्पेकमध्ये बदलतात. पॉवर वाढते हे खरं आहे, पण आज पूर्ण एअर पंप, योग्य नंबरचा डिस्ट्रिब्युटर आणि टॅगसकट कार्बोरेटर असलेली अमेरिकन गाडी शोधायला निघालात तर किती कमी उरल्यात ते लक्षात येतं. बदल करायचाच असेल तर काढलेलं सगळं डब्यात, लेबल लावून ठेवावं, होजचा मार्ग कागदावर काढून. कायद्याचा भागही आहे, कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) लागत नाही पण १९७६ आणि पुढच्यांना लागतो, आणि त्यात मूळ उपकरणं डोळ्याने तपासतात, त्यामुळे तिथे १९७६ च्या एमजीबीचा पंप काढणं म्हणजे रस्त्यावर आणण्याचीच अडचण. एमजी, ट्रायम्फसारख्या ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट काढता येतं, त्यात गाडी मूळ कुठल्या बाजारपेठेसाठी बनली ते लिहिलेलं असतं आणि बहुतेकदा मूळ इंजिन नंबरही. तो नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही तर इंजिन त्याच्या स्वतःच्या खुणांवरून वेगळं ओळखायचं आणि पार्ट इंजिनाप्रमाणेच मागवायचे, चासीप्रमाणे नाही.